इनबाईंचं नेट

माझ्या विहिणीच्या घरचं नेट कधी जात नाही. हे वाक्य लिहितानाही माझ्या पोटात दुखतं, म्हणून आधीच लिहून मोकळी होते.

आमच्याकडे विहिणीला इनबाई म्हणतात. इनबाई नागपुरात धरमपेठेत राहतात आणि आम्ही नागपूरबाहेर कन्हानला. त्यांच्या घरी नेटची तार भिंतीच्या आतून येते, कुठून येते ते दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे केबलवाल्याची काळी वायर विजेच्या खांबावरून निघते, शेजाऱ्यांच्या कडुलिंबावर विसावते आणि मग रस्ता ओलांडून आमच्या गच्चीवर उतरते. त्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात. ट्रक जरा जास्त भरला की वरची ताडपत्री वायरीत अडकते आणि आमचं नेट ट्रकच्या मागे लोंबकळत निघून जातं. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "मॅडम, माणूस निघाला आहे." तो माणूस दर वेळी निघालेलाच असतो. पोचतो मात्र तिसऱ्या दिवशी.

बाकी कशात मी इनबाईंचा हेवा केला नाही. त्यांचं घर मोठं आहे, असू दे. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत साधी शिक्षिका म्हणून, तेही ठीक. पण माझी एकुलती एक लेक त्यांची सून आहे, दोघं नवरा-बायको जर्मनीत आहेत आणि आमची तीन वर्षांची नात तिथेच जन्मली. म्हणजे एकच नात, आज्या दोन, आणि मधे नेट. मग जळणार नाही तर काय करणार?

रविवारी दुपारी, त्यांच्या तिकडच्या नाश्त्याच्या वेळी, लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी धरमपेठेला, कारण तिकडे पटकन लागतो. मग आम्हाला. आमच्याकडे फोन वाजायचा, नातीचं तोंड दिसायचं, ती काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि तशीच थिजायची. आवाज यायचा पुढे, चित्र राहायचं मागे. मग कट. लेक परत लावायची. परत कट. परत लावायची. एका रविवारी तिनं अकरा वेळा लावला. मी प्रत्येक वेळी "हॅलो, हॅलो, दिसते का वं?" एवढंच म्हणत होते. माझी नात मला अशी तुकड्यातुकड्यांनी वाढताना दिसली. दात नव्हते तेव्हाचं एक तोंड, दात आल्यावरचं एक तोंड. मधलं सगळं धरमपेठेत.

ती पहिल्यांदा 'आजी' म्हणाली तेही धरमपेठेलाच. मला ते कुटुंबाच्या ग्रुपवर कळलं. इनबाईंना फोनच्या पडद्यावरचं रेकॉर्ड करता येतं. त्यांनी तो व्हिडिओ टाकला, खाली हृदयाची चार चित्रं. आमच्याकडे तो उघडेना. नुसतं चाक फिरत राहिलं. चहा झाला, भाकरी झाल्या, तेव्हा कुठे तो उघडला. नात पडद्याला नाक लावून म्हणत होती, "आजी! आजी!" आणि समोर इनबाईंचं हसू.

माझे यजमान खाणीतून निवृत्त झालेले, स्वभावानं थंड. म्हणाले, "आजी म्हणली पोरगी! ऐकलं का?"

"मले नाही म्हणली."

"अवं, आजी म्हणजे आजीच ना."

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं आणि त्या दिवशी त्यांना वरण गरम न करताच वाढलं.

मग इनबाईंनी बोलावलं. मनापासूनच बोलावलं असेल. म्हणाल्या, "इनबाई, रविवारी आमच्याकडेच येत जा ना. इथून निवांत बोला लेकीशी." लेकीच्या सासरचं पाणी पिऊ नये वगैरे रीती आमच्या घरात माझ्या सासऱ्यांच्या पिढीतच सुटल्या. त्यांनी धम्म घेतला तेव्हा पुष्कळ काही मागे टाकलं. पण मुलीच्या आईनं आपल्याच लेकीशी बोलायला इनबाईंच्या सोफ्यावर जाऊन बसायचं, हे मला कुठल्याही रीतीपेक्षा जड वाटलं. तरी एकदा गेले. नातीचा मोह वाईट.

त्यांनी फोन टीव्हीला जोडला. दिवाणखान्याच्या भिंतीवर माझी नात, खरीखुरी होती त्याहून मोठी. केसांतला क्लिप दिसत होता, ओठावरचा जॅम दिसत होता. मी आयुष्यात तिला इतकं पाहिलं नव्हतं. आणि मला तिच्या हनुवटीवर एक पांढरी रेघ दिसली.

"हे काय लागलं हिले?" मी लेकीला विचारलं.

लेकीनं तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारून उत्तर आलं, "अहो, ती नाही का झोपाळ्यावरून पडली होती? दोन टाके पडले. आता काहीच नाही, भरलं."

काहीच नाही! माझ्या नातीला टाके पडले, भरले, त्यांची रेघ झाली, आणि मला पत्ता नाही. लेक म्हणाली, "आई, तुला सांगितलं होतं गं, पण तेव्हा तुझं कट झालं." इनबाईंनी माझ्यासमोर संत्रा बर्फीची बशी सरकवली. मी एक तुकडा उचलला आणि तसाच बशीत परत ठेवला. परत येताना बसमध्ये मी ठरवलं की या घरात नेटसाठी पाय ठेवायचा नाही.

पुढच्या आठवड्यात इनबाईंचा फोन आला, येता ना म्हणून. मी सरळ थाप मारली. "आमच्याकडे पण नवीन कनेक्शन लागलं. तुमच्यासारखंच."

"अरे वा! छानच झालं," त्या म्हणाल्या. त्यांना आनंद झाला याचाही मला राग आला.

आता थाप मारलीच होती तर काही करणं भाग होतं. केबलवाल्याच्या इतकं मागे लागले की शेवटी तो स्वतः आला. आमचा राउटर शोकेसवर, मी विणलेल्या रुमालाखाली. धूळ बसू नये म्हणून. त्यानं रुमाल उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. आमचा कूलर चांगला मोठा, पत्र्याचा, राउटर आणि पलंगाच्या बरोब्बर मधे.

"मॅडम, तुमचं नेट उन्हाळ्यात जास्त जाते ना?"

"हो. काहून?"

"हा कूलर पाहा. एवढा पत्रा, आत टाकीभर पाणी. त्याच्यातून नेट पलीकडे जाईन कसं?"

म्हणजे नातीच्या आणि माझ्या मधे ट्रक होते ते होतेच, वर कूलरही होता. तो मीच तिथे लावला होता. राउटर हलवायला पुढची खोली सोडून जागा नव्हती आणि तिथे तार पुरत नव्हती. मग मी जागा बदलली. रविवारी दुपारी घरघर नको म्हणून कूलर बंद करायचा आणि राउटरच्या खाली खुर्ची टाकून बसायचं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता कूलर बंद करणं म्हणजे काय ते नागपूरच्याच माणसाला कळेल. यजमान ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मोरीजवळ जाऊन बसायचे. "तुमचं बोलणं झालं का मले आवाज दे," म्हणायचे, "जिवंत असलो तर येतो." मी खुर्चीत बसून निथळायची. एकदा लेक घाबरून म्हणाली, "आई, तू रडून राहिली का?"

"घाम आहे," मी म्हटलं. थोडं रडूही होतं, पण तेवढ्यात कट झालं.

एवढं करून फरक पडला तो असा की अकराच्या जागी सहा-सात वेळा कट व्हायचं.

अशात जावयानं आम्हा दोघींची तिकिटं काढली. दोघी विहिणी बरोबर, महिनाभरासाठी. दोघींच्या यजमानांनी घर सांभाळायचं असं ठरलं. त्यांना ते फारच आवडलेलं दिसलं. मी मात्र त्या दिवसापासून एकच विचार करत होते. विमानतळावर ती पोरगी आधी कोणाकडे येईल? मला उत्तर माहीत होतं. ती ज्या तोंडाला आजी म्हणते त्या तोंडाकडे येईल. मी तिच्यासाठी तोंड उघडं ठेवून थिजलेली एक बाई.

निघण्याच्या दिवशी नागपूर विमानतळावर इनबाईंना पाहिलं आणि मला माझी पिशवी मागे लपवावीशी वाटली. मनगटावर घड्याळ, तेच पावलं मोजतं, तेच फोन आल्याचं सांगतं. मानेभोवती निळी उशी. कानांवर घालायचे मोठे हेडफोन. टॅबलेटला स्वतंत्र झिप. प्रत्येक वायरीला रंगीत पट्टी लावलेली, कोणती कशाची ते कळायला. तिकडचं सिमही त्यांनी इथूनच फोनमध्ये घालून घेतलं होतं, आणि ते फोनच्या आतच असतं, दिसत नाही, असं मला समजावून सांगितलं. माझ्याकडे एक फोन, रबरबँडनं गुंडाळलेला चार्जर आणि लेकीनं मागे पाठवलेली पॉवर बँक.

त्या पॉवर बँकेनं माझी अब्रू घालवली. मोठी बॅग देऊन, आत जाऊन खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच माझं नाव पुकारलं. एका खोलीत नेलं. टेबलावर माझीच बॅग.

"मॅडम, इसमें पॉवर बँक है क्या?"

होती. महत्त्वाची वस्तू खाण्याच्या डब्यात तळाशी ठेवायची, ही माझी जन्माची सवय. मंगळसूत्र तूरडाळीत, घराची जादा किल्ली रव्यात. चोर डाळ उपसत नाही. त्या सवयीनंच मी पॉवर बँक रुमालात गुंडाळून सांडग्या मिरच्यांच्या डब्यात तळाशी घातली होती. हे लोक मात्र चोरांपेक्षा हुशार निघाले. त्या भल्या माणसानं हातमोजा घातला आणि एकेक सांडगी मिरची बाहेर काढून टेबलावर मांडली. ती वस्तू सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, हे मला तेव्हा कळलं. त्यानं ती माझ्या हातात दिली, वर एक शिंकही दिली.

परत आले तेव्हा इनबाई काळजीनं उभ्या होत्या. "मले विचारायचं होतं ना," त्या म्हणाल्या. त्यांना विचारण्यापेक्षा मी तो डबा डोक्यावर घेऊन जर्मनीपर्यंत चालत गेले असते.

दिल्लीला विमान बदलायचं होतं. विमानाकडे जायच्या दारासमोरच्या खुर्च्यांवर आम्ही दोघी बसलो. मधे एक खुर्ची सोडली होती, त्यावर आमच्या पिशव्या. तिथल्या फुकटच्या नेटसाठी लागणारा ओटीपीचा आकडा माझ्या फोनवर येईना, शेवटी इनबाईंनीच जोडून दिलं. मी धन्यवाद म्हटलं, पण फोनकडे पाहून.

रविवारच होता. तिकडे नुकतं उजाडलं असेल. इनबाईंनी आधी लावला. एका रिंगमध्ये उचलला, चित्र स्वच्छ. आम्ही पोचलो दिल्लीला, सगळं ठीक, संध्याकाळी भेटूच, असं झालं. "चला आई, ठेवते, हिला आंघोळ घालायची आहे," लेक म्हणाली आणि ठेवला. सगळं दोन मिनिटांत.

पाच मिनिटांनी माझा वाजला. लेकच होती. "आई, तू कशी आहेस? डोकं दुखलं नाही ना विमानात?" एवढं बोलली आणि कट. परत वाजला. "आणि गोळी घेतली का बीपीची?" कट. परत वाजला. नुसता आवाज आला, "आई? आई?" कट.

मी संतापून फोन मांडीवर आपटला. "पाहा! इथं पण तेच. माझ्याच नशिबात आहे मेलं."

इनबाई समोरच्या काचेकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्याकडे नवीन कनेक्शन लागलं नाही ना, इनबाई?"

मी पिशवीतल्या चार्जरचा रबरबँड नीट करायला घेतला.

"मले माहीत आहे. पोरगा बोलला. म्हणे, रविवारी हिचा एक तास नुसता आईले फोन लावण्यातच जाते. कट झाला की परत लावते. नाश्ता थंड होते, तरी लावते."

"मग? नेट खराब असलं तर काय करन ती?"

"माझं नेट चांगलं आहे ना," त्या म्हणाल्या. "कधीच कटत नाही. सगळं दिसते, सगळं ऐकू येते. दहा मिनिटं बोलते सूनबाई, चांगली बोलते, काही कमी करत नाही. मग म्हणते, चला आई, ठेवते. ठेवला की ठेवला. पोरगा मागून जाता जाता हात हलवते. मी आपली तो व्हिडिओ परत लावून पाहत बसते, त्याच्यासाठीच रेकॉर्ड करते ना मी." त्यांनी घड्याळाचा पट्टा उगाच सैल केला, परत घट्ट केला. "मले कोणी परत लावत नाही. एका रविवारी तर मी राउटर बंद करून पाहिला. बोलता बोलता मुद्दाम बंद केला. म्हटलं, पाहू."

"मग?"

"मग काय. संध्याकाळी मेसेज आला. 'आई, नेट गेलं का? ठीक आहे, पुढच्या रविवारी बोलू.'"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण ते नंतर. आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अंगभर आनंद झाला. तीन वर्षं जिच्यावर जळले ती बाई माझ्यावर जळत होती! माझ्या लोंबकळत्या वायरीवर, माझ्या कूलरवर, माझ्या अकरा वेळा कटलेल्या फोनवर. मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसले.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचाच. मी लगेच उचलला नाही. दोन रिंगा जास्त वाजू दिल्या, शेजारी नीट ऐकू जाव्यात म्हणून.

"उचला ना," इनबाई म्हणाल्या.

उचलला. आणि या वेळी चित्र लख्ख आलं, धरमपेठेतल्या भिंतीवर आलं होतं तसं. लेकीचे विस्कटलेले केस, मागे त्यांचं स्वयंपाकघर, आणि ओल्या केसांची नात टॉवेलमध्ये. "आई, आता दिसतंय का नीट?" लेकीनं विचारलं. दिसत होतं. सगळं दिसत होतं. नात माझ्याकडे टक लावून पाहत होती, काही म्हणणार होती. पण मला माहीत होतं की आता चार शब्द नीट होतील आणि मग लेक म्हणेल, चला आई, ठेवते.

मी अंगठ्यानं फोन कट केला.

"गेला परत," मी इनबाईंना म्हणाले. आणि फोन मधल्या खुर्चीवर पिशवीवर ठेवला, पडदा वर करून, आम्हा दोघींना दिसेल असा.

आम्ही पाहत बसलो. एक मिनिट गेलं. समोर लोक रांगेत उभे राहायला लागले. दुसरं मिनिट गेलं. फोनच्या कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. मी उगाच पडदा पुसला. लेक काय समजली असेल? विमानात बसल्या असतील, असंच समजली असेल. किंवा पोरीला कपडे घालत असेल. किंवा एकदा नीट दिसलं, मग आता कशाला. रांग पुढे सरकली. फोन वाजला नाही.

इनबाईंनी फोन माझ्या हातात दिला, मधल्या पिशव्या उचलून खाली ठेवल्या, त्या माझ्या बाजूच्या खुर्चीवर सरकल्या आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येईन वं, येईन फोन," त्या म्हणाल्या. "लेक आहे तुमची. तुम्हाले नाही लावन तर कोणाले लावन?"

मी मान हलवली. तो मीच कट केला होता, हे मला त्यांना सांगता आलं नाही.